वृद्धाश्रमात कमी ऐकू येणारे आजी-आजोबा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वृद्धाश्रमात काम करणाऱ्या मावशी-मामांनी, परिचारिकांनी, व्यवस्थापकांनी आणि भेटायला येणाऱ्या मुला-सुनांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवले आहेत. आमचं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक ठिकाणी कानाचं मशीन (श्रवणयंत्र) नसल्यामुळे फारसं अडत नाही. असलेलं मशीन रोज सकाळी कानात कोणी घालायचं हेच ठरलेलं नसतं, त्यामुळे अडतं.

आमच्या एका आजींना दार आपटलेलं बरोबर ऐकू येतं, आपण बोललेलं मात्र कळत नाही. सोंग तर नाही ना?

सोंग नाही. वाढत्या वयात कान सगळे आवाज सारखेच कमी करत नाही. आतल्या कानातल्या केसासारख्या सूक्ष्म पेशी झिजत जातात, आणि उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी सर्वांत आधी जातात. दार आपटणं, ट्रकचा घरघराट, भांडं पडल्याचा दणका हे सगळं पोचतं. बोलण्यातल्या आ, ओ, ऊसारख्या स्वरांचा जोरही खालच्या पट्टीत असतो, म्हणून तेही पोचतात. स, श, फ, थ, ख मात्र गळतात. ‘ताट’, ‘पाट’ आणि ‘खाट’ तिन्ही ‘आट’सारखेच वाटतात. पुढचं आजी अंदाजाने भरून काढतात आणि अंदाज चुकला की आपण हसतो.

‘त्यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं’ हा टोमणा तर प्रत्येक आश्रमात असतो. त्याचंही कारण साधं आहे. ‘जेवायला चला’ हे वाक्य रोज त्याच वेळी, त्याच माणसाच्या तोंडून येतं, त्यामुळे अर्धं ऐकू आलं तरी पुरतं. ‘उद्या रक्त तपासायला माणूस येणार आहे, सकाळी काही खाऊ नका’ हे नवं असतं, ते पूर्ण ऐकू यावं लागतं.

असे किती जण असतात? ओळखायचं कसं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार साठीपुढच्या लोकांत चौघांतल्या एकापेक्षा जास्त जणांना व्यवहार अडेल इतकं कमी ऐकू येतं. वृद्धाश्रमातलं वय याहून बरंच जास्त असतं, म्हणून तिथे ‘कोणाला कमी ऐकू येतं’ याऐवजी ‘कोणाला नीट ऐकू येतं’ ही यादी करणं सोपं जाईल.

प्रवेशाच्या वेळी रक्तदाब, साखर, ईसीजी सगळं बघतात, कान कोणी बघत नाही. तिथेच एक ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची मोजणी, करून घ्या. एरवी लक्ष ठेवायच्या खुणा अशा : प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणून मान डोलावणं, गप्पांतून हळूहळू उठून खोलीत जाणं, टीव्हीच्या आवाजावरून खोलीतल्या दुसऱ्याशी भांडण, एकच कान पुढे करणं, आणि ‘हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात’ ही तक्रार. ‘हो हो’ म्हणणाऱ्या माणसाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. तो कोणाला त्रास देत नाही, म्हणून सगळ्यांत उशिरा सापडतो.

मग मोठ्याने बोलायचं ना?

थोडं मोठ्याने चालेल, ओरडून नाही. ओरडताना फक्त स्वर ताणले जातात, व्यंजनं आणखी पुसट होतात. शिवाय अशा कानांची एक गंमत असते. हळू आवाज ऐकूच येत नाही आणि जरा मोठा झाला की एकदम टोचतो. म्हणून आजोबा आधी ‘काय?’ म्हणतात आणि पुढच्याच क्षणी ‘ओरडतोस कशाला?’ म्हणतात. दोन्ही खरंच असतं.

ओरडण्याचा दुसरा तोटा आम्हाला जास्त खटकतो. दिवाणखान्यात दहा जण बसलेले असताना लांबून ‘आजोबा, पोट साफ झालं का?’ असं विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्यांनी आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापकी केली, त्यांना दहा जणांपुढे या प्रश्नाचं उत्तर द्यायला लावू नका. असं विचारायचं तर जवळ जा, किंवा पाटीवर लिहून दाखवा.

नेमकं बोलायचं कसं?

आधी समोर या. मागून येऊन खांद्यावर हात ठेवला तर माणूस दचकतो. समोरून, डोळ्यांना डोळे भिडले की हाक मारा, मग विषय सांगा, मग बोला : ‘काकू, औषधाचं बोलतेय. दुपारची पांढरी गोळी घेतलीत का?’ औषधाचं आहे हे आधी कळलं की पुढचे शब्द पकडणं निम्म्याने सोपं होतं.

उजेड तुमच्या तोंडावर हवा. खिडकीकडे पाठ करून उभं राहिलात तर त्यांना तुमची फक्त काळी आकृती दिसते आणि ओठ दिसत नाहीत. तोंडात तंबाखू किंवा पान धरून बोलू नका. मामा लोकांना हे सांगायला अवघड वाटतं, पण सांगाच. मास्क लावणं भाग असेल तर जोडीला लिहून दाखवा.

एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य तीनदा म्हणू नका, शब्द बदला. ‘नातू येतोय’ कळलं नाही तर ‘मुलीचा मुलगा भेटायला येणार’ म्हणा. आकडे नेहमी बोटांवर किंवा लिहून दाखवा. सात आणि साठ, वीस आणि तीस यांचा घोळ रोज होतो, आणि तो इन्सुलिनच्या युनिटमध्ये झाला तर महागात पडतो. आणि ‘जाऊ दे, काही नाही’ हे वाक्य टाळा. एखाद्याला गप्पांतून बाहेर काढायला ते पुरेसं असतं.

विसरतात, भलतीच उत्तरं देतात. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे की कानच?

दोन्ही असू शकतं. म्हणून आधी कान तपासा. स्मरणशक्तीच्या चाचण्या बहुतेक तोंडी असतात. ‘हे तीन शब्द लक्षात ठेवा’ असं सांगितलं आणि शब्दच ऐकू आले नाहीत, तर गुण जाणारच. चाचणीच्या वेळी मशीन कानात हवं, नाहीतर प्रश्न लेखी द्यावेत. संशयीपणाचंही तसंच. दोन मावश्या कोपऱ्यात हळू बोलत हसल्या की ‘माझ्याबद्दलच बोलतायत’ हे मनात येणं स्वाभाविक आहे.

उलट बाजूने, कमी ऐकू येण्याचा डिमेन्शियाशी संबंध आहे हे आता मान्य झालं आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ पासून बदलता येण्याजोग्या धोक्यांच्या यादीत त्याला स्थान दिलं आहे. मशीन लावल्याने डिमेन्शिया टळतोच असं मात्र कोणी सांगत असेल तर ते विक्रीचं बोलणं समजा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत सत्तरीपुढच्या सुमारे १,००० लोकांपैकी काहींना मशीन देऊन, काहींना न देता, तीन वर्षं पाहिलं. सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता त्या गटात बुद्धीची घसरण जवळपास निम्मी झाली.

कानात कोमट तेल घालू का? मळ आहे वाटतं.

तेल नको, काडी नको, हेअरपिन तर नकोच. म्हातारपणी मळ सुकतो, घट्ट बसतो आणि मशीन लावणाऱ्यांत तर बाहेर यायला वाटच उरत नाही. बड्सने तो आणखी आत दाबला जातो. पडद्याला जुनं भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं आणि कान वाहू लागतो. कान-नाक-घसा तज्ज्ञाला वर्षातून दोनदा आश्रमात बोलवा. ते कानात बघतील, मऊ करायचे थेंब लिहून देतील किंवा मळ काढतील. काही जणांच्या बाबतीत नव्या मशीनचा सगळा खर्च या पाच मिनिटांत वाचतो.

लगेच डॉक्टरकडे कधी न्यायचं?

काल ऐकू येत होतं आणि आज एका कानाने अचानक बंद झालं, तर त्याच दिवशी. यावरचं औषध पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतं. ‘सर्दीने कान बसला असेल’ म्हणून आठवडा काढू नका. कानातून पू किंवा रक्त, जोराची चक्कर, तोंड वाकडं होणं यांनाही थांबायचं नाही. मधुमेह असलेल्या वृद्धाचा कान रात्रभर ठणकत असेल तर तो साधा कान दुखणं समजू नका, अशा रुग्णात संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. नुकतंच अमिकासिन, जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिकचं इंजेक्शन किंवा लघवीचं औषध सुरू झालं आणि ऐकणं कमी झालं, तर औषधांची यादी घेऊन जा. स्वतःहून औषध बंद करू नका.

मुलाने महागातलं मशीन आणून दिलं. आई ते डब्यात ठेवते. काय करायचं?

पहिल्या दिवशी पूर्ण दिवस घातलं असणार. वर्षानुवर्षं शांततेची सवय झालेल्या मेंदूवर पंखा, चपलांचा घासण्याचा आवाज, वर्तमानपत्राची कुरकुर हे सगळं एकदम आदळतं. स्वतःचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. असं झालं की कोणीही काढूनच ठेवेल.

सुरुवातीला शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना, तास-दोन तास. मग हळूहळू वेळ वाढवा. जेवणघर सर्वांत शेवटी. सवय व्हायला काही आठवडे जातात, आणि त्या काळात ऑडिओलॉजिस्टकडे (ऐकणं तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे) एक-दोनदा सेटिंग बदलायला जावंच लागतं. घेतानाच विचारा : नंतरच्या फेऱ्या किमतीत धरल्या आहेत का, आणि कोणी आश्रमात येऊन सेटिंग करेल का? कान न तपासता ऑनलाइन मागवलेली ‘आवाज वाढवणारी’ यंत्रं सगळंच वाढवतात, पंखासुद्धा.

आणखी एक कारण सहसा कोणी विचारत नाही : बोटं. संधिवात, कंप आणि मोतीबिंदू असलेल्या माणसाला शेंगदाण्याएवढं मशीन कानात बसवता येत नाही. दिसायला लहान ते चांगलं हा हट्ट मुलांचा असतो, आईचा नाही. कानामागचं थोडं मोठं, मोल्डवालं (कानाच्या मापाचा साचा नळीने जोडलेलं) मशीन तिला झेपतं.

रोज मशीनचं काय काय करायचं? आणि कोणी?

‘कोणी’चं उत्तर आधी : प्रत्येक पाळीत एका नेमलेल्या माणसाने. औषधांच्या तक्त्यात ‘मशीन घातलं / काढलं’ असा रकाना टाका आणि सही घ्या. सगळ्यांचं काम ते कोणाचंच नाही.

सकाळी आंघोळ, वेणी-फणी, तेल, पावडर सगळं झाल्यावरच मशीन हातात घ्यायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण केसांचं तेल माइकच्या बारीक छिद्रात गेलं की मशीन ‘कमी ऐकवतं’ आणि दुरुस्तीला जातं. लाल खूण म्हणजे उजवा कान, निळी म्हणजे डावा. मोल्डमध्ये मळ आहे का बघा. मोल्डचं टोक आधी कानाच्या भोकात, मग वरचा भाग कानाच्या वरच्या वळणात थोडा मागे फिरवून दाबायचा. दुसऱ्या हाताने कान हलकेच वर-मागे ओढला तर सहज बसतं. त्यानंतर मशीन कानामागे. बसल्यावर चालू करा, आधी नाही, नाहीतर कानाजवळ नेतानाच शिट्टी वाजते.

मग समोर उभं राहून, ओठ हाताने झाकून म्हणा : आ, ई, ऊ, म, श, स. त्यांनी प्रत्येक वेळी बोट वर करायचं. रोज ऐकू येणारा ‘श’ आज आला नाही तर सेल, मळ किंवा नळी बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

सेलच्या पाकिटावरचा रंग लक्षात ठेवा : पिवळा १०, तपकिरी ३१२, केशरी १३, निळा ६७५. सेलवरचा कागद काढल्यावर मिनिटभर थांबून मग घाला, त्याला हवा लागते. कागद काढला की वापरा न वापरा, सेल उतरायला लागतो. वापरलेले सेल टेबलावर ठेवू नका. विसरभोळ्या माणसाने गोळी समजून गिळला तर तो अन्ननलिका जाळतो, थेट रुग्णालय गाठावं लागतं.

रात्री मशीन काढून सेलचं दार उघडं ठेवा. चार्जिंगचं असेल तर चार्जरवर. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, सिलिका जेलची पुडी घातलेली घट्ट झाकणाची डबी लागतेच. मोल्ड आठवड्यातून एकदा मशीनपासून सोडवून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, नळीतलं पाणी फुंकून काढा, रात्रभर वाळू द्या. मशीनला पाणी नाही.

शिट्टी सारखी वाजते.

मोल्ड नीट बसलेला नाही, कानात मळ आहे, नळी कडक होऊन तडकली आहे, किंवा आवाज फार वाढवला आहे. थंडीत कानटोपी आणि मफलरनेही वाजते. वजन उतरल्यावर कानही बदलतो आणि मोल्ड सैल होतो, मग नवा मोल्ड घ्यावा लागतो. शिट्टीची तक्रार म्हणून मशीन बंद करून कानात तसंच ठेवू नका. बंद मशीन म्हणजे कानात बूच.

मशीन हरवलं. कुठे शोधायचं?

सदऱ्याच्या खिशात, उशीच्या अभ्र्यात, रुमालात, चष्म्याच्या घरात, जेवणाच्या ताटाखाली, कचऱ्याच्या टोपलीतल्या कागदात. कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे बघायचा नियम हवा. अंगणात कुत्रा असेल तर तिकडेही बघा, शिट्टी वाजवणारी वस्तू त्यांना चघळायला फार आवडते. सुटू नये म्हणून चष्म्यासारखी दोरी आणि क्लिप मिळते. मशीनचा क्रमांक फाइलमध्ये लिहून ठेवा.

जेवणघरात आणि भजनाला काय करता येईल?

फरशी, कोरी भिंत, स्टीलची ताटं, वर गरगरणारा पंखा, शेजारी मिक्सर आणि कुकर : ऐकण्याच्या दृष्टीने याहून वाईट खोली शोधून सापडणार नाही. जाड पडदे, टेबलावर कापड, खुर्च्यांच्या पायांना रबर, आणि मिक्सर जेवणाच्या वेळी बंद. कमी ऐकू येणाऱ्यांना भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे मागचा गोंगाट कमी येतो. लांब पंगतीपेक्षा चौघांचं टेबल बरं.

हरिपाठाला टाळ आणि झांज मशीनमधून कर्कश येतात. त्यांच्यापासून लांब, पेटीच्या बाजूला जागा द्या आणि आवाज थोडा कमी करा. हरिपाठ तोंडपाठ असतो, त्यामुळे शब्द समजायची अडचण नसते. गप्पांत मागे पडणारे आजोबा तिथे पुढे असतात.

टीव्हीसाठी वायरलेस हेडफोन घ्या. अर्धी भांडणं मिटतील.

मुलगा परदेशात आहे. फोनवर बाबांना काही कळत नाही.

साध्या फोनपेक्षा व्हिडिओ कॉल करा आणि चेहरा उजेडात ठेवा. फोन स्टँडवर हवा, मावशींच्या हलत्या हातात नको. एका वेळी एकानेच बोलावं, मागून नातवंडांचा गलका नको. नवी मशीनं ब्लूटूथने फोनला जोडता येतात, पण ते जोडून देणारं माणूस आश्रमात लागतं. बोललेलं मराठीत लिहून दाखवणारी अ‍ॅप्सही मिळतात. ती चुका करतात, तरी कामाची आहेत.

पैशांची मदत कुठून मिळते?

राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून चालू आहे. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा ठरलेल्या मर्यादेत उत्पन्न असलेल्या ६० वर्षांवरच्यांना शिबिरांतून श्रवणयंत्रासह साहित्य मोफत मिळतं. ते अलिम्को ही केंद्र सरकारची कंपनी पुरवते. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांपर्यंत असलेल्यांना एकदाच ३,००० रुपये खात्यात जमा होतात. चांगल्या मशीनला ते पुरत नाहीत, मोल्ड आणि सेलला पुरतात. अर्ज सध्या चालू आहेत का, हे जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात विचारा. आश्रमातल्यांच्या आधारवर जुन्या घरचा पत्ता असतो, तो आधीच बघून ठेवा.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऱ्हास लागतो, म्हणून मध्यम त्रास असलेल्यांना ते मिळत नाही. तपासणीसाठी जिल्हा रुग्णालय आहे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही श्रवणदोषांवर काम करणारी संस्था आहे, ती १९८३ पासून याच कामात आहे. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

मशीन नकोच म्हणतात. जबरदस्ती करावी का?

नाही. का नको हे एकदा शांतपणे लिहून विचारा. दुखत असेल, लाज वाटत असेल, किंवा खरोखरच ऐकायचा कंटाळा आला असेल. तिन्ही कारणांना मान द्या, पण पहिल्यावर उपाय आहे. मशीन न घालणाऱ्यांसाठी खिशातला छोटा अ‍ॅम्प्लिफायर (आवाज वाढवणारं यंत्र) आणि हेडफोन ऑफिसात ठेवा. डॉक्टर आले, बँकेचा माणूस आला, की तेवढ्यापुरता लावायचा. ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी पाटी आणि जाड अक्षर, ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी खुणा आणि चित्रं.

रात्री काही झालं तर?

झोपताना मशीन काढलेलं असतं, म्हणजे घंटा आणि हाका दोन्ही निकामी. आग लागली तर कोणत्या खोल्यांत प्रत्यक्ष जाऊन हलवून उठवायचं, याची यादी रात्रपाळीच्या टेबलावर चिकटवा. खोलीत शिरताना आधी मंद दिवा लावा. अंधारात अंगावर हात पडला तर कोणीही घाबरून ओरडेल.

रुग्णालयात भरती करताना काय पाठवायचं?

मशीन, डबी, जास्तीचे सेल, चष्मा, पाटी, आणि फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात : ‘कमी ऐकू येतं. समोरून बोला. डावा कान बरा.’ शस्त्रक्रियेला नेताना मशीन काढावं लागलं तर ते कोणाच्या ताब्यात दिलं ते लिहा आणि शुद्धीवर येताच परत घालायला सांगा. अनोळखी जागेत ऐकूही येत नसेल तर माणूस भांबावतो आणि त्याची नोंद ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ अशी होते.

आमचे आजोबा गेले. त्यांचं मशीन दुसऱ्या कोणाला देता येईल?

कानामागचं असेल तर बहुतेक वेळा देता येतं. मोल्ड आणि नळी नवी लागते, आणि ऑडिओलॉजिस्टने नव्या माणसाच्या तपासणीप्रमाणे सेटिंग बदलायला हवं. तसंच उचलून दुसऱ्याच्या कानात घालू नका. कानाच्या आत बसणारं, मापाने बनवलेलं मशीन दुसऱ्याला चालत नाही. घरच्यांची लेखी परवानगी घ्या आणि मशीनबरोबरचं कार्ड, चार्जर, उरलेले सेलही मागून घ्या. बहुतेकदा ते कपाटातल्या औषधांच्या पिशवीत सापडतात.